कावळे नसलेलं बेट

पितृपक्षात दुसऱ्याच्या पितरांचं पान उचलून आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या ब्लॉकमधले चुरीकाका.

आईने गच्चीच्या कठड्यावर आजोबांचं पान वाढून ठेवलं होतं. खीर, वडे, भात, वरण, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. माणूस दिसला की कावळा येत नाही म्हणून ती स्वतः टाकीच्या आडोशाला उभी राहिली होती. तेवढ्यात काका वर आले, त्यांनी ते पान दोन्ही हातांवर घेतलं आणि जिना उतरून सरळ आमच्या दारात आणून ठेवलं. आई मागून धावत आली. तिला धाप लागली होती आणि रागही आला होता.

"चुरीभाऊ, ते माझ्या सासऱ्यांचं पान आहे."

"ठाव हाय, वहिनी. म्हणून तर केरात नाय टाकलं."

"मग उचललंत कशाला?"

"पाखराला आपल्या हातचं घालू नका. सवय लागते."

"अहो, वर्षातून एकदा घालते मी. त्यात कसली मेली सवय?"

"लागते," काका म्हणाले, आणि आपल्या दारात शिरून त्यांनी कडी लावली.

आईने पान पुन्हा वर नेलं. कावळा आला, जेवला, गेला. पण पुढे बरेच दिवस ती काकांशी बोलली नाही. "सुलूवहिनी गेल्यापासून या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही," असा निकाल देऊन ती मोकळी झाली. आमच्या इमारतीचंही तेच मत होतं. कुणी खिडकीत कबुतरांना ज्वारी टाकली की काका खालून ओरडायचे. जिन्याखालच्या कुत्रीसमोर कुणी पोळी ठेवली की ती उचलून फेकायचे. लोक त्यांना कवडीचुंबक म्हणू लागले. आता गंमत अशी, की याच कवडीचुंबकाच्या वाडीतले चिकू इमारतीतल्या प्रत्येक घरात जात होते आणि चिकू खाता खाताच त्यांना नावं ठेवली जात होती.

काका मूळचे किनाऱ्यावरच्या गावातले. चिकूची आणि केळीची वाडी भावांकडे, आणि हे तरुणपणीच बोईसरला कारखान्यात लागले ते बॉयलरवर. उभा जन्म त्या आवाजात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि आपल्यालाही कमीच ऐकू येत असणार अशा हिशेबाने ते बोलायचे. त्यांनी जिन्यात "काय ग मेघा, बरी हायस का?" विचारलं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई "बरी आहे" म्हणून उत्तर द्यायच्या. रिटायर झाल्यावरही पायात कारखान्याचे पोलादी टोकाचे सेफ्टी शूज. दूध आणायला तेच, लग्नाला तेच. संध्याकाळी तेच घालून बेटेगावपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. सदऱ्याला मात्र इस्त्री लागायची. केर टाकायला उतरतानासुद्धा.

बॉयलरने त्यांना एक वाक्य दिलं होतं, ते कुठेही लागू पडायचं. "वाफ दिसत नाय. भाजते तवा कळते." कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाला अचानक साखर निघाली, सोसायटीची टाकी फुटली, काका हेच म्हणायचे. सुलूकाकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "तुमची वाफ बंद करा आणि पानं घ्या." मग काका गप्प बसून पानं घ्यायचे. त्या घरात त्यांच्यापेक्षा मोठा आवाज एकच होता आणि तो काकूंचा.

जेवायला बसण्याआधी काकू खिडकीच्या गजातून एक घास बाहेर ठेवायच्या. रोज. कावळे त्यांच्या भांड्यांच्या आवाजावरच यायचे. काका चिडवायचे, "तिची पंगत आधी, आमची मागून."

काकू गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाकडे, नितीनकडे, जाण्याची सगळी तयारी झाली होती. नितीन हवाई बेटांवर असतो. तिथल्या एका उंच डोंगरावर आभाळ बघायच्या मोठाल्या दुर्बिणी आहेत, त्यांच्या यंत्रांची देखभाल तो करतो. काकूंनी पासपोर्ट काढला, व्हिसा मिळवला, नातीसाठी परकराचं कापड घेतलं, आणि आजारी पडल्या. आजारपण पुढे सरकत गेलं, प्रवास मागे पडत गेला.

दशक्रियेला मी होते, कारण आमच्याकडे गाडी होती आणि काकांना समुद्रापर्यंत न्यायचं होतं. पिंड ठेवला. सुरूच्या झाडांवर कावळे हारीने बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग सुरू झाली ती आश्वासनं. नितीन म्हणाला, "आई, मी बाबांना सांभाळीन." दीर म्हणाले, "वाडीत तुझा वाटा तसाच राहील." माझी आई, जिचा यात काडीचा संबंध नाही, तीही पदर सावरून पुढे झाली, "सुलूवहिनी, भाऊंच्या डब्याची काळजी करू नका." कावळे ऐकत होते आणि बसून होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे सुटल्यासारखे उठले.

परतताना गाडीत काका पहिल्यांदा बोलले. "तिला नितीनचं घर बघायचं होतं. तेवढंच राहिलं." आणि थोड्या वेळाने, "आमी कोणीच ते बोललो नाय."

काही महिन्यांनी ते एकटेच नितीनकडे गेले. राहण्याची मुदत मोठी होती, पण ती संपायच्या कितीतरी आधी परत आले. आले ते हे असे, पाखरांपुढचं पान उचलणारे.

का, ते आईच्या पानाच्या भांडणानंतर कळलं. आईचा अबोला काकांना सोसवेना. एका संध्याकाळी ते चिकूची पिशवी घेऊन आले आणि नेहमीसारखे घरात न येता आमच्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. आई आतूनच म्हणाली, "चिकू नकोत आम्हाला. सवय लागेल." काका हसले नाहीत. पिशवी पायाशी ठेवून त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी ते हळू बोलत होते. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं.

नितीनचं घर ज्वालामुखीच्या उतारावर आहे. मागच्या अंगणात जरा गवत, आणि गवत संपलं की काळा कातळ. "आपलाच दगड तो, मेघा. आपला जुना झालाय, त्यांचा अजून ताजा हाय, इतकंच." मुलगा आणि सून दिवसभर कामाला, नात शाळेत. काका घरात एकटे. फोन आला तर उचलायचा नाही, दार वाजलं तर उघडायचं नाही, अशी ताकीद. ते सेफ्टी शूज घालून कातळावर फिरायचे. नितीनला त्या बुटांची लाज वाटायची.

पितृपक्ष लागला. सवाष्ण गेलेल्या बाईची नवमी, अविधवा नवमी. काकांनी स्वतः भात लावला, खीर केली, वडे तळले. केळीचं पान तिकडेही मिळतं. ते पान मागच्या कातळावर ठेवून ते कावळ्याला हाका मारत उभे राहिले. बराच वेळ मारल्या. नात शाळेतून आली आणि तिने सांगितलं, आजोबा, इथे कावळा नसतो. अख्ख्या बेटावर नाही. पूर्वी एक जात होती, ती रानातून संपली.

काका म्हणाले, "दशक्रियेला होते ते सगळे कावळे नुसते बघत बसले, आन् तिथं बघायलासुद्धा कोणी नाय."

आणि मग गवतातून एक जोडी चालत आली. उडत नाही, चालत. आपल्या बदकांपेक्षा मोठी, हंसाच्या जातीची, पण हंसाचा तोरा नाही. तोंड काळं, गाल पिवळसर, आणि मानेच्या पिसांना खाचा, नऊवारीच्या निऱ्या पडाव्यात तशा. बोटांमधला पडदा अर्धाच, कारण या पाखराला पाण्यापेक्षा दगडावर जास्त चालायचं असतं. त्याचं नाव नेने. (इथे आई दाराशी आली आणि म्हणाली, "आमच्या शाळेत नेनेबाई होत्या." काका म्हणाले, "त्या येगळ्या.") जगात दुसरीकडे कुठेही रानात नसलेला पक्षी. एकदा तर बोटावर मोजण्याइतके उरले होते, तिथल्या लोकांनी पिंजऱ्यात वाढवून पुन्हा डोंगरावर सोडले. प्रत्येकाच्या पायात खुणेचं कडं, त्यावर अक्षरं. जोडी एकदा जमली की मरेपर्यंत.

त्यातला एक मान उंचावून पहारा देत उभा राहिला आणि दुसरी पानाजवळ आली. तिने मान जराशी वाकडी करून काकांकडे बघितलं आणि भाताला चोच लावली. आधी भाताला, मग खिरीला.

"आमी तिथंच कातळावर बसलो," काका म्हणाले. "रडलो. नितीनच्या घरी पोचली ती. मला दुसरं काय वाटणार?"

आई केव्हाच येऊन उंबऱ्यात बसली होती.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ते पाहिलं होतं. त्यांनी येऊन हाताने सांगितलं, घालू नका. रस्त्याकडे बोट दाखवलं. संध्याकाळी नितीनने नीट समजावलं, बाबा, इथे हा गुन्हा आहे. हे पक्षी माणसाला सोकावले की गाडीला भीत नाहीत. काका म्हणाले, बरं. पण दुसऱ्या दिवशी जेवायला बसले आणि त्यांच्या हातातला पहिला घास तोंडाकडे जाईना. "सुलू रोज घालायची. एक घास. त्याला काय खायला घालणं म्हणतात?" मुलगा आणि सून घराबाहेर पडले की ते मागचं दार उघडायचे. जोडी वाट बघत उभी असायची. दुपारी नातीच्या शाळेची बस यायची, तिला घ्यायला काका रस्त्यावर जायचे, तर ती दोघंही मागून चालत यायची आणि त्यांच्या शेजारी रस्त्याच्या कडेला थांबायची. काकांना त्यात घर वाटू लागलं होतं. "आमी चौघं घरी यायचो," ते म्हणाले.

एक दिवस काकांना जरा ताप होता. नातीला घ्यायला सून गेली. पाखरांना ताप कसा कळणार? ती आपली वेळेवर रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

पहारा देणारा गाडीखाली गेला. गाडीवाल्याची चूक नव्हती, वळण होतं. ती उरली. ती त्याच्यापाशी उभी राहून कण्हल्यासारखा आवाज काढत होती, तेच तिचं ओरडणं. वनखात्याची एक तरुण मुलगी आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. काका ताप असताना बाहेर आले आणि नितीनला म्हणाले, तिला सांग, मी घातलं. नितीन सांगेना. मग काकांनी स्वतःच आपल्या छातीवर बोट ठेवलं, हाताने घास घालून दाखवला. ती मुलगी ओरडली नाही. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी हळू बोलली. "काय बोलली ते नितीनने सांगितलं नाय. आमी विचारलं नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर ती उरलेली नेने रोज मागच्या दारी यायची. काचेबाहेर उभी राहायची. काका काचेच्या आत. दार उघडायचं नाही हे आता त्यांना कळलं होतं. "ती बाहेर एकटी, आमी आत एकटे. आन् तिला तसं कोणी केलं? आमी." हे त्यांना सोसलं नाही आणि ते परत आले.

पिशवी तिथेच ठेवून काका उठले. आईने पिशवी आत आणली आणि त्या दिवसापासून आमच्याकडून कावळ्याला काही गेलं नाही. आईचा देवाधर्मावरचा विश्वास मला पक्का ठाऊक आहे, त्यामुळे तिने हे कसं जमवलं असेल याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे माझ्याकडे एक काम आलं. काकांच्या फोनवर चित्र नीट दिसत नसे, म्हणून रविवारी सकाळी नितीनचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर व्हायचा. काका इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसायचे. "कसा हायस" विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ती दिसली काय?" नितीन म्हणायचा, "बाबा, डोंगरभर पक्षी आहेत, मी कुठे शोधू?" काका म्हणायचे, "कड्यावरची अक्षरं सांगितली हायत ना तुला." नितीन चिडायचा. मला त्याचाही राग येत नसे. बाप दर रविवारी आपली चौकशी दोन शब्दांत उरकतो आणि एका पाखराची करत बसतो, हे कुठल्या मुलाला आवडेल?

पितृपक्ष संपून थंडी पडली आणि काकांनी जाहीर केलं, की ते पुन्हा तिकडे जाणार. इमारतीत आनंद झाला. म्हातारा मुलाकडे जातोय, मार्गी लागला. आईने मेतकूट करून दिलं, नातीसाठी काकूंनी घेतलेल्या कापडाचा परकर शिवून दिला. मी काकांना एकदा जिन्यात विचारलं, "जाऊन करणार काय तिथे?"

"काय नाय. काचेजवळ बसणार."

"आणि ती आलीच नाही तर?"

"आली तर कोणीतरी हाय असं तिला दिसायला पायजे. घालणार काय नाय, मेघा. शपथ. पण तिला एकटीला ठेवून मी इकडं चिकू खात बसू काय?"

मी त्यांना चिडवायला गेले होते, ते राहून गेलं.

मग एका रविवारी नितीनचा कॉल वेळेआधीच आला आणि तो हसत होता. नातीला घेऊन तो डोंगरावरच्या कुरणात गेला होता, खास त्यासाठीच. त्याने काढलेला व्हिडिओ पाठवला. गवतात नेने चरत होत्या. कॅमेरा एकीच्या पायाशी गेला. कड्यावर तीच अक्षरं. तिच्या शेजारी दुसरा एक मान उंच करून उभा होता, आणि ती जिकडे सरकेल तिकडे तोही सरकत होता. मागून नात सांगत होती, की त्यांची जोडी झालीय, आणि वनखात्याच्या माणसाने तसं सांगितलंय.

काकांनी तो व्हिडिओ बघितला. पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. "तीच," ते म्हणाले. "मान वाकडी करते बघ." त्यांनी फोन माझ्या हातात दिला, रुमालाने डोळे पुसले आणि सेफ्टी शूज घालून बाजारात गेले. तासाभराने इमारतीत दारोदार पेढे आले.

"कसले हो पेढे?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वरून विचारलं.

"लग्न जमलं."

"कुणाचं?"

"वळखीतल्या एकीचं," काका म्हणाले. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. इतके खूश ते काकू असतानाही मला दिसले नव्हते. मला वाटलं, सुटले बिचारे. आता मोकळ्या मनाने मुलाकडे जातील.

ते गेले नाहीत. त्यांनी जाणं रद्द केलं. नितीनने रडवेल्या आवाजात मला फोन केला, "मेघाताई, बाबांना विचारा ना काय झालं. मी डोंगर तुडवत तिला शोधली ती बाबांना बरं वाटावं म्हणून." मी समोरचं दार वाजवलं. काका बॅगेतलं मेतकूट परत डब्यात भरत होते.

"काका, मुलगा आहे, नात आहे. ते वाट बघतायत."

"त्यांचं चाललंय, मेघा. सकाळी जातात, संध्याकाळी येतात. चांगली माणसं हायत." त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "तिकडं माझ्यासारखी ती एकच होती. आता तीपण नाय. तिचं चांगलं झालं. तेच पायजे होतं." मग परकराची घडी माझ्याकडे देत म्हणाले, "हा तेवढा पोस्टाने पाठवशील काय?"

इतक्या चांगल्या बातमीने कुणाचं असं नुकसान झालेलं मी पाहिलं नव्हतं. मी परकर घेतला आणि घरी येऊन आईजवळ बसून राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पालघरला कोळगावच्या बाजूला राहायला गेलो. बोईसर सोडायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी कामाला जाताना मी काकांच्याच कारखान्याच्या शिफ्टच्या बसमध्ये बसले होते आणि बस नाक्यावर थांबली होती. माणसं चढत होती, कुणी तंबाखू मळत होतं, ड्रायव्हर "चलो चलो" करत होता. खिडकीतून पाहिलं, तर स्टॉपच्या बाकावर चुरीकाका. इस्त्रीचा सदरा, पायात ते बूट. त्यांच्या वेळचं त्या बसमध्ये आता कुणी उरलेलं नव्हतं. चढणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मात्र ते बघत होते.

ड्रायव्हरने विचारलं, "चाचा, आना है क्या?"

काकांनी हाताने नाही म्हटलं. मी काच सरकवून मोठ्याने हाक मारली. त्यांनी मला शोधून काढलं आणि हसले.

"काका, इथे कुठे? कुणाची वाट बघताय?"

"नाय ग," ते म्हणाले, आणि त्या गर्दीतही ते हळूच बोलले. "आता कोणाची नाय."